'द व्हील ऑफ टाइम' : सातव्या खंडापासून पुढच्या नोंदी

८ जून २०२५

काम ठरलं. रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम' या चौदा खंडांच्या अद्‌भुत कादंबरीमालिकेचे सातव्यापासून चौदाव्यापर्यंतचे खंड सलग वाचायचे आणि वाचता वाचता नोंदी ठेवायच्या. तिच्यावरची टीव्हीची मालिका तिसऱ्या पर्वानंतर बंद झाल्याचं मे महिन्यात जाहीर झालं. तिसरं पर्व मुख्यतः चौथ्या खंडावर होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त कथा पडद्यावर यायचीच राहिली. पुढचं हवं असेल तर आता पुस्तकांशिवाय वाट नाही, आणि पुस्तकांकडे वळलेले कितीतरी वाचक आठ-नऊ-दहा या टप्प्यात गळतात. माझा भाचा तिथेच अडकलाय. "मावशी, एवढी पानं झाली, अजून सगळे वाटेतच आहेत." नोंदी त्याच्यासाठी, आणि वाचनगटातल्या दोघी मैत्रिणींसाठी. त्या दोघी नववा सोडून थेट अकरावा घ्यायचं म्हणतायत, तो बेत मला मोडायचाय.

कथानक उघड होणार आहे, ज्यांना ते नको त्यांनी इथेच थांबावं.

पद्धत अशी. प्रत्येक मोठ्या पात्राला वहीत वेगळी पानं. कोण कुठे आहे, कुणाबरोबर आहे आणि कुणाशी खोटं बोलतंय, एवढंच लिहायचं. लढाया आपोआप लक्षात राहतात. विसरतं ते कोण कुणाला काय सांगायचं राहिलं हे, आणि रॉबर्ट जॉर्डनच्या कथेची अर्धी दुःखं त्यातूनच निघतात.

१५ जून

सातवा, 'अ क्राउन ऑफ स्वोर्ड्‌स', १९९६ चा. पहिले सहा खंड १९९० ते १९९४ या काळात आले. म्हणजे जवळपास वर्षाला एक, आणि तेही एवढाले ग्रंथ. सातव्यापासून वेग मोडला: १९९६, १९९८, २०००, मग थेट २००३, मग २००५. त्या काळी विकत घेऊन वाचणाऱ्यांचा राग या तारखांशिवाय कळत नाही. दोन-तीन वर्षं वाट पाहून हातात पडलेल्या खंडात आपला आवडता माणूस दिसलाच नाही तर कुणीही वैतागेल. आठव्यात नायक रँडचा मित्र मॅट नाही! सातव्याच्या शेवटी एबू डार शहरात त्याच्या अंगावर भिंत कोसळते आणि त्याचं पुढे काय झालं ते नवव्यात कळतं. मला आज ते कळायला दोन आठवडे लागतील. १९९६ च्या वाचकाला चार वर्षं लागली.

हा खंड मला मनापासून आवडतो. हवामानाचा धागा फार चांगला विणलाय. सगळीकडे अवेळी उन्हाळा, नद्या आटलेल्या, हिवाळा यायला तयार नाही. तो उलटवणारं वाऱ्यांचं भांडं एबू डारच्या कुठल्यातरी अडगळीत पडलंय आणि जादूची शक्ती वापरू शकणाऱ्या नायनीव्ह-एलेन ते शोधत गल्ल्या तुडवतायत. ते भांडं आठव्याच्या सुरुवातीला वापरलं जातं. पुढच्या दोन खंडांतलं सगळं बर्फ, चिखल आणि गारठलेले तंबू त्या एका विधीतून आलेले आहेत. खंड सोडणाऱ्याला एवढी थंडी कुठून आली हेच कळणार नाही.

६ जुलै

आठवा, 'द पाथ ऑफ डॅगर्स', संपला. मालिकेतल्या लहान खंडांपैकी एक. वेरिनसाठी आज वेगळं पान उघडलं. दुसऱ्या खंडापासून ती दिसते: गोलमटोल, बोटांना शाई लागलेली, आपल्याच तंद्रीत असणारी आयझ सेडाय, म्हणजे शक्ती वापरणाऱ्या बायकांच्या संघातली, त्यातही ब्राउन या अभ्यासू गटातली. आठव्याच्या प्रस्तावनेत ती कैदेतल्या आयझ सेडायवर शक्तीचं एक विणकाम करते, समोरच्याचं मन हव्या त्या दिशेला हळूच वळवणारं. असलं काही करणं निषिद्ध आहे. आपण थेट तिच्या डोक्यात बसून हे वाचतो, तरी ती नेमकी कुणाच्या बाजूची आहे ते कळत नाही. खोटं एकही वाक्य नाही आणि खरं काहीच हाती लागत नाही.

२० जुलै

नवव्याचा शेवट पुन्हा वाचला. 'विंटर्स हार्ट'चं शेवटचं प्रकरण म्हणजे मालिकेच्या उत्तरार्धाचा कणा. तीन हजारांहून जास्त वर्षं पुरुषांची शक्ती, साइदीन, विटाळलेली आहे. जो पुरुष ती वापरेल तो वेडा होणार हे पहिल्या खंडापासून गृहीतच. रँड आणि नायनीव्ह शॅडार लोगोथ या शापित नगराशेजारी बसतात आणि एक पाप दुसऱ्या पापावर घासून दोन्ही संपवतात. त्या नगराचं दुष्टत्व वेगळ्या जातीचं आहे. सैतानाचा द्वेष करता करता माणसांनीच ते पिकवलं होतं. विटाळ त्याच्याकडे ओढला जातो, आणि शेवटी नगराच्या जागी नुसता प्रचंड खड्डा उरतो.

याच खंडात, पंचविसाव्या प्रकरणात, वेरिन दुसऱ्या एका आयझ सेडायसाठी, कॅडसुएनसाठी, चहा करते. तिच्याजवळ एक कुपी आहे. कॅडसुएनचा रँडबद्दलचा हेतू काय आहे ते ती बोलून बोलून काढून घेते आणि कुपी न उघडता परत थैलीत ठेवते. दोन-तीन पानांचा प्रसंग, पण वहीत लाल शाईने लिहिला. मैत्रिणींनी नववा सोडला असता तर हा चहा हुकला असता.

३ ऑगस्ट

दहावा. 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', जानेवारी २००३. सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला खंड, म्हणून याला सगळ्यात जास्त वेळ दिला.

रचना आधी समजून घ्यायला हवी. नवव्याच्या शेवटी जे शुद्धीकरण झालं, त्याच दिवसाच्या आसपास दहाव्यातले बहुतेक धागे सुरू होतात. रँडचा मित्र पेरिन एका टोकाला, बंडखोर आयझ सेडायांची नेता एग्वीन त्यांच्याच तार व्हॅलन नगराला वेढा घालून बसलेली, एलेन केमलिन या राजधानीत, मॅट सर्कशीच्या गाड्यांबरोबर आक्रमक शॉनचान लोकांच्या सैन्यातून निसटू पाहणारा. शक्ती वापरू शकणाऱ्या प्रत्येक बाईला शेकडो कोसांवर काहीतरी अफाट पेटल्याचं जाणवतं, आणि काय चाललंय ते कुणालाच माहीत नाही. वाचकाला सगळं माहीत आहे. खुद्द रँड जवळजवळ शेवटी, एका प्रकरणापुरता येतो.

हे करण्यामागे विचार होता हे उघड आहे. जगातली सगळ्यात मोठी घटना, आणि ती लांबून, अर्धवट, अफवेसारखी पोचते. पण त्यासाठी लेखकाने अख्खा खंड मागे नेला, आणि दोनेक वर्षं थांबलेल्या वाचकाला 'पुढे काय' मिळालंच नाही. सलग वाचताना मात्र ही मागे-पुढे होणारी तारीख जाचत नाही. वहीत प्रत्येक धाग्यापुढे 'शुद्धीकरणाच्या आधी' किंवा 'नंतर' एवढं लिहिलं की गुंता सुटतो. भाच्याला आज हे एकच काम दिलं.

आपल्याला हे जड जायचं खरं तर कारण नाही. महाभारतात युद्ध सुरू होतं सहाव्या पर्वात. त्याच्या आधीचं अख्खं उद्योगपर्व म्हणजे दूत, निरोप, शिष्टाई, कोण कुणाच्या बाजूला उभा राहील याचा हिशोब. कृष्णशिष्टाईवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनं रंगली, ती पाल्हाळ म्हणून कुणी टाळली नाहीत. दहावा खंड या कथेचं उद्योगपर्व आहे.

अर्थात प्रत्येक पान तेवढ्या तोलाचं नाही. एलेनला सिंहासनासाठी एकोणीस मोठ्या घराण्यांपैकी दहांचा पाठिंबा हवा, हा हिशोब मला रंजक वाटतो. पण त्याच सल्लामसलती वेगळ्या दालनात पुन्हा पुन्हा येतात तेव्हा संपादकाची कात्री हवी होती असं स्पष्ट वाटतं. कपड्यांची वर्णनंही फार.

१० ऑगस्ट

पेरिन. त्याच्या बायकोला, फेलला, आयेल या वाळवंटी लोकांतली शायडो टोळी पळवून नेते ते आठव्याच्या शेवटी, आणि ती सुटते अकराव्यात. हा धागा लांबलाय यात वादच नाही. तरी दहाव्यातले दोन प्रसंग कापता येणार नाहीत.

एक सो हाबोरचा. पेरिन सैन्यासाठी धान्य विकत घ्यायला एका गावात जातो. गावकरी मळके, भेदरलेले, कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. पोती उघडली तर धान्यात सोंडे वळवळतायत. मेलेली माणसं गावात फिरताना दिसतात, म्हणून लोकांनी अंघोळ-पांघोळ, झाडलोट सगळं सोडलंय. राक्षस नाही, लढाई नाही. धान्य निवडायचं, उफणायचं, भरायचं आणि निघायचं. सैतानाशी व्हायची शेवटची लढाई जवळ आल्यावर जग कसं कुजायला लागतं ते या किडक्या धान्यातून जेवढं कळतं तेवढं दहा भविष्यवाण्यांतून कळत नाही.

दुसरा प्रसंग त्याच्या कुऱ्हाडीचा. बायकोचा ठावठिकाणा कळावा म्हणून पेरिन एका कैद्याचा हात तोडतो. मग ती कुऱ्हाड झाडाच्या बुंध्यात रुतवून निघून जातो. हातोडा तेवढा जवळ ठेवतो. पहिल्या खंडापासून कुऱ्हाड की हातोडा, मारणारा की घडवणारा, हा प्रश्न त्याच्या मागे आहे, आणि उत्तर मिळतं ते त्याने सगळ्यात वाईट कृत्य केल्यावर. तेराव्यात तो जो हातोडा घडवतो तो या बुंध्यातल्या कुऱ्हाडीशिवाय नुसतं एक भारी हत्यार वाटेल.

१५ ऑगस्ट

दहाव्याचा शेवट. तार व्हॅलनच्या बंदराची लोखंडी साखळी न तुटणाऱ्या पदार्थात बदलून बंदर कायमचं अडवायचं, हे काम एग्वीन दुसऱ्या मुलीवर न टाकता स्वतः करायला जाते आणि पकडली जाते. पुढच्या दोन खंडांतला सगळ्यात चांगला धागा इथून सुरू होतो.

३१ ऑगस्ट

गणपतीत वाचन थोडंच झालं. स्वयंपाकघरात मात्र ध्वनिपुस्तक चालू होतं. मायकल क्रेमर आणि केट रीडिंग ही दोघं वाचतात, पुरुषाच्या नजरेतली प्रकरणं तो, बाईच्या नजरेतली ती. दहाव्यात अडकलेल्यांना हा उपाय मनापासून सुचवेन. डोळे ज्या वर्णनांवरून घसरतात ती ऐकताना बिनबोभाट आत जातात, आणि नावांचे उच्चारही पक्के होतात.

१४ सप्टेंबर

अकरावा, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', ऑक्टोबर २००५. सगळी गाठोडी सुटायला लागली. फेल सुटली, एलेनला सिंहासन मिळालं, रँडचा डावा हात गेला. मॅटने नवव्याच्या शेवटी शॉनचान राजकन्या तुआनकडे बघून "ही माझी बायको" असं तीनदा पुटपुटून अर्धं लग्न लावून ठेवलं होतं. तिने आपल्या बाजूचे शब्द उच्चारून ते पुरं केलं.

सगळ्यात जास्त वेळ थांबले ते विसाव्या प्रकरणापाशी. लॅनला शेवटच्या लढाईसाठी सीमेवर जायचंय, एकट्यानेच. नायनीव्ह त्याला अडवत नाही, नवऱ्याला दिलेला शब्द पाळते. सीमेपर्यंत नेईन असं कबूल केलेलं असतं, म्हणून सीमेवरच नेऊन सोडते, पण हव्या त्या ठिकाणापासून पार दूर, दुसऱ्या टोकाला. वाटेत देशच्या देश ओलांडायचे. मग ती पुढे धावते. एका खाणावळीत बसलेल्या मल्कियरी, म्हणजे लॅनच्या देशच्या, व्यापाऱ्याला गाठते आणि तुमचा राजा निघालाय, तो एकटाच जाणार का, असं सरळ विचारते. हा व्यापारी, माल विकून पोट भरणारा मध्यमवयीन माणूस. त्याचं राज्य बुडून कितीतरी वर्षं झाली. तरी तो उठतो. ती पुढच्या गावाला जाते. मला हे प्रकरण मोठ्याने वाचता येत नाही, आवाज जातो.

१६ सप्टेंबर

आज जॉर्डनला जाऊन अठरा वर्षं झाली. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर. १९४८ चा जन्म, दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर होता. नंतर भौतिकशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं. हृदयाच्या अमिलॉइडोसिस या दुर्मिळ आजाराचं निदान झाल्याचं त्याने २००६ मध्ये वाचकांना स्वतः पत्र लिहून कळवलं. पुढचा खंड शेवटचा, मग तो कितीही जाड होवो, असं तो सांगत असे. शेवटच्या महिन्यांत त्याने उरलेली कथा घरच्यांना तोंडी सांगितली. टिपणं होती, काही प्रसंग लिहून झालेले होते, अखेरचं दृश्य त्याच्याच हातचं आहे.

हॅरिएट मॅकडूगल त्याची बायको आणि पहिल्या खंडापासूनची संपादक. तिने ब्रँडन सँडरसनला निवडलं. जॉर्डन गेल्यावर त्याने लिहिलेली श्रद्धांजली तिच्या वाचनात आली, मग तिने त्याची एक कादंबरी मागवून वाचली. सँडरसन पोरसवदा वयापासून ही मालिका वाचत मोठा झालेला. एका खंडाचं काम घेतलं आणि सामग्री इतकी निघाली की तीन खंड झाले: २००९, २०१० आणि जानेवारी २०१३.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांच्या आत त्याची अपुरी कथा दुसऱ्याच्या हाती सोपवायची, आणि पुढची पाच वर्षं त्या दुसऱ्याच्या मजकुरावर संपादक म्हणून बसायचं. या मालिकेबद्दल लिहिताना हॅरिएटचं नाव तळटीपेत जातं, ते मला पटत नाही.

५ ऑक्टोबर

बारावा, 'द गॅदरिंग स्टॉर्म'. हात बदललाय हे पहिल्या शंभर पानांत कळतं. प्रकरणं आखूड, संवाद थेट, पात्रं मनातलं बोलून टाकतात. मॅटचा सूर सुरुवातीला साफ चुकलाय. त्याचा विनोद त्याला स्वतःला विनोद वाटत नाही म्हणूनच आपल्याला हसू येतं, इथे तो मुद्दाम विनोद करायला लागतो. पुढच्या खंडात बराच सावरतो.

पण एग्वीनचा धागा! आमर्लिन, म्हणजे आयझ सेडायांची प्रमुख, असूनही तिला शिकाऊ मुलींचे पांढरे कपडे घालायला लावलेत, रोज मार बसतोय, आणि ती व्हाइट टॉवर, आयझ सेडायांचं मुख्य ठाणं, आतून जिंकतेय. एके दिवशी खोलीवर परत येते तर वेरिन चहा पीत बसलेली. वेरिन म्हणते, तुझा पोशाख हिरवा आहे, मला आवडणारा हिरवा. एग्वीन पांढऱ्यात आहे. आयझ सेडायला खोटं बोलता येत नाही, शपथेने बांधलेलं असतं. एका वाक्यात कळतं की समोरची बाई सैतानाला छुपेपणे वाहिलेल्या काळ्या गटातली आहे.

मग उलगडा. काळ्या गटाच्या शपथेतही एक फट आहे: मृत्यूच्या घटकेपर्यंत विश्वासघात करायचा नाही. वेरिनने चहात विष घेतलंय. उरलेली घटका ती बोलण्यात घालवते. सत्तर वर्षं आत राहून जमवलेली नावं, वह्या, सांकेतिक लिपीची किल्ली, सगळं एग्वीनच्या हवाली करते. वहीत मागे जाऊन लाल शाईची नोंद काढली. नवव्यात न वापरलेली कुपी, आठव्यातलं ते मनं वळवणारं विणकाम, दुसऱ्यापासूनची तंद्री, सगळं जागच्या जागी बसलं. रात्री फोन करून मैत्रिणीला विचारलं, "आता सांग, नववा सोडायचा?" ती म्हणाली, "नाही गं बाई, कालच मागवला."

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत बारावा संपवला. रँड या खंडात इतका कठोर होतो की वाचताना नको वाटतं. सख्ख्यासारखं वाढवणाऱ्या टॅमवर, बापावर, हात उगारतो. मग पर्वताच्या शिखरावर एकटा जातो, हातात सगळं जग संपवता येईल एवढी शक्ती. पुन्हा पुन्हा तोच जन्म, तीच लढाई, कशासाठी, हा त्याचा प्रश्न. उत्तर त्याला डोक्यातला लूज थेरिनचा, म्हणजे त्याच्याच मागच्या जन्माचा, आवाज देतो: पुन्हा प्रेम करायची संधी मिळावी म्हणून. पुनर्जन्माकडे सुटायच्या फेऱ्यासारखं बघण्यात आपण वाढलो. इथे तोच फेरा देणगी ठरतो. माझ्या मनाला हे फार भिडलं, आणि ते सहा खंडांच्या चढणीनंतर येतं म्हणूनच भिडलं.

तेराव्याची सुरुवात लगेच वाचली. रँड डोंगर उतरून सफरचंदांच्या बागेत येतो, वठलेली झाडं फळं धरतात. बागेतला शेतकरी आल्मेन बंट. पहिल्या खंडात रँड-मॅटना केमलिनपर्यंत गाडीत बसवून नेणारा तोच.

९ नोव्हेंबर

तेरावा, 'टॉवर्स ऑफ मिडनाइट'. धावतो. आयझ सेडाय मोइरेनची सुटका, मॅटचा डोळा, पेरिनचा हातोडा. नोआल नावाचा म्हातारा कोण होता ते कळतं, आणि पहिल्या खंडात गावातली पोरं ज्याची प्रवासवर्णनं वाचायची तो माणूस आपल्यासमोर मागे थांबून वाट अडवून उभा राहतो.

आयेल तरुणी अविएंडाच्या, त्यांच्या पवित्र रुइडीन नगरातल्या प्रकरणांवर जास्त लिहायला हवं. चौथ्या खंडात रँड काचेच्या खांबांमधून चालतो आणि पूर्वजांच्या नजरेतून एकेक पिढी मागे जातो. इथे अविएंडा वंशजांच्या नजरेतून जाते. सुरुवात सगळ्यात दूरच्या पिढीपासून, उकिरड्यात अन्न शोधणाऱ्या मुलीपासून, आणि तिथून मागे मागे येत तिच्या स्वतःच्या लेकरांपर्यंत. आयेल लोकांचा ऱ्हास नेमका कुठल्या निर्णयापासून सुरू झाला ते शेवटी कळतं. दोन्हीकडे काळ मागेच सरकतो, तरी चौथ्यात इतिहास उलगडतो आणि तेराव्यात दोषारोप. चौदाव्यात शांततेच्या करारात आयेलांना सामील करून घ्यावं, असा ती आग्रह धरते तो यामुळेच.

३० नोव्हेंबर

चौदावा, 'अ मेमरी ऑफ लाइट'. सदतिसावं प्रकरण एका स्वतंत्र कादंबरीएवढं आहे. एका बैठकीत वाचू नये, पण मध्ये दिवसही जाऊ देऊ नये. चार मोठे सेनापती एकाच वेळी थोडेथोडे चुकत जातात, प्रत्येकाची चूक क्षम्य वाटेल एवढीच, हे फार कसबाने रचलंय. वेरिनचा हात इथवर पोचलेला आहे: तिने मॅटला दिलेलं पत्र त्याने वेळेत उघडलं असतं तर केमलिन पडलं नसतं.

एग्वीनच्या मरणाबद्दल नोंद लिहायची नाही असं ठरवलं. ज्याने दहाव्यापासूनचा तिचा प्रवास पायरी पायरीने केलाय त्याला ते वाचताना काय होईल ते होऊ दे.

७ डिसेंबर

एका बाबतीत मी समाधानी नाही आणि ते लिहून ठेवते. पादान फेन. पहिल्या खंडात वसंतोत्सवाच्या आधी गावात आलेला फेरीवाला, मग शॅडार लोगोथचं विष अंगात भिनलेला. नवव्यात ते नगर नष्ट झाल्यावर त्या जातीच्या दुष्टत्वाचा जिता वारस तोच उरतो. शुद्धीकरण ज्याच्यामुळे शक्य झालं त्याचा तो शेवटचा अंश, म्हणजे शेवटच्या लढाईत त्याला प्रचंड जागा होती. मिळाली जेमतेम काही पानं, आणि मॅट त्याला निकालात काढतो. मॅटच्या अंगात त्याच नगराचा खंजीर पूर्वी मुरलेला होता म्हणून तो वाचतो, हे कारण चोख आहे. पण एवढी चांगली मोट बांधून ती घाईत रिकामी केली. जॉर्डनच्या टिपणांत याबद्दल थोडंच होतं की सँडरसनला जागा पुरली नाही, वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच.

फेनची पानं वहीत विस्कळीत झालीत. नवव्यात 'फार मॅडिंग' नावाच्या शहरात दिसतो, मग बराच काळ गायब. पुढच्या आठवड्यात पहिल्या खंडापासून त्याच्या प्रत्येक हजेरीची यादी करायला घेते. मैत्रिणीने दुसरा आणि चौथा वाटून घेतलाय.